कोरडा डोळा आणि दोन मिलिलिटरचा चमचा

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याहून तोरणमाळला निघाले की वाटेत म्हसावद लागते. खाली पपई-केळीच्या बागा, वर सातपुड्यात विखुरलेले पाडे. इथेही आज कोणी ‘डोळे कोरडे पडतात’ म्हणाले, तर मोबाइल, वय, ऊन-धूळ अशी कारणे निघतात आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब हाती येतात. पण वैद्यकातला ‘झेरोफ्थाल्मिया’, म्हणजे शब्दशः कोरडा डोळा, हे नाव दुसऱ्याच दुखण्याचे आहे. ते मुख्यतः लहान मुलांना होते आणि ताटातून येते.

अ जीवनसत्त्व कमी पडले की मूल आधी तिन्हीसांजेला चाचपडू लागते. मग डोळ्याच्या पांढऱ्या भागाची चमक जाते आणि तिथे फेसाळ ठिपके दिसतात. पिएर बितो या फ्रेंच डॉक्टरांनी १८६३ मध्ये त्यांचे वर्णन केले. इथवर उपचार झाले तर नजर वाचते. गोवर किंवा हगवणीची भर पडली, तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा मऊ पडून काही दिवसांत फुटू शकतो.

उपाय मात्र फार जुना. सुश्रुतसंहितेने रातांधळेपणावर बकऱ्याचे यकृत सांगितले आहे. अ जीवनसत्त्व साठते ते यकृतातच.

त्या यकृताची जागा अ जीवनसत्त्वाच्या सरकारी बाटलीने घेतली १९७० मध्ये. आजच्या वेळापत्रकात नवव्या महिन्यात १ लाख युनिट, म्हणजे १ मिलिलिटर. नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख. एकूण नऊ मात्रा. पाड्यावर चालत जाऊन कोणी तरी चमचाभर औषध पाजायचे, आणि मूल आंधळे होण्यापासून वाचायचे. इतका स्वस्त आणि इतका मोठा उपाय क्वचितच सापडतो.

पण मापाला फार जपावे लागते. हे जीवनसत्त्व लघवीवाटे सहज निघून जात नाही, अंगात साठते. जास्त झाले तर उलट्या, डोकेदुखी होते. गरोदरपणात मोठी मात्रा गर्भाला व्यंग आणू शकते. नोव्हेंबर २००१ मध्ये आसामातल्या मोहिमेत २ मिलिलिटरच्या चमच्याऐवजी ५ मिलिलिटरचे माप वापरले गेले. मुले आजारी पडली, काही मृत्यूंच्या बातम्या आल्या. ते औषधानेच झाले का, यावर मोठा वाद झाला.

उलट चूकही तितकीच घातक: अ जीवनसत्त्व कमी पडलेल्या मुलाच्या डोळ्यात नुसते कृत्रिम अश्रूंचे थेंब घालत बसणे. आणि दुकानातून मनाने आणलेले स्टेरॉइडचे थेंब तर कोणाच्याही डोळ्यातला दाब वाढवून काचबिंदूला वाट करून देऊ शकतात.

ताटाकडे वळायचे तर, ज्या पिवळ्या-केशरी रंगातून शरीर अ जीवनसत्त्व बनवते, तो पिकलेल्या पपईत भरपूर असतो. शहादा तालुक्याची पपई मात्र ट्रकांतून उत्तर भारताकडे जाते. वर सातपुड्यातल्या अक्राणी तालुक्यात आंबे कैरीपणीच उतरवतात, सोलून-चिरून उन्हात वाळवतात, कारण आमचुराचे रोख पैसे येतात. तो रंग पिकताना भरतो, आणि ते आंबे तोवर झाडावर राहत नाहीत.