वीस वर्षांनंतरचं नाव

झिरो माईलजवळच्या गोवारी स्मारकापाशी पाय रेंगाळतातच. २३ नोव्हेंबर १९९४. अधिवेशनावरचा मोर्चा, पोलिसांचा लाठीमार, चेंगराचेंगरी, ११४ मृत्यू, बायका-मुलंच जास्त.

लाठीमाराचा हुकूम कोणाचा, हे कागदावरून कळेल? २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ८ सांगतं, नाव उघड झाल्याने कोणाच्या जिवाला धोका असेल तर माहिती नाकारता येते. रास्तच आहे. पोलिसालाही घरदार असतं. पण मेख त्याच कलमात पुढे आहे: घटनेला वीस वर्षं झाली की ही सबब चालत नाही. (देशाची सुरक्षा वगैरे दोन-तीन अपवाद सोडून.) म्हणजे नोव्हेंबर २०१४ पासून दार उघडं!

फक्त कागद उरलेला हवा. जुनी दप्तरं मुदत संपली की रीतसर नष्टही करतात. हे दप्तर अजून आहे का, एवढं तरी अर्ज करून विचारणार आहे.