हलके ‘आकाश’
पदव्युत्तर शिक्षणासाठी लॅपटॉप शोधणारा विद्यार्थी आधी वजन विचारतो, मग किंमत. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठी सादर केलेला ‘आकाश’ टॅबलेट या दोन्ही कसोट्यांवर अव्वल होता: वजन सुमारे ३५० ग्रॅम, सरकारची खरेदी किंमत २,२७६ रुपये. अडले ते आत. प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा, रॅम अवघी २५६ एमबी; आणि सात इंची पडदा असा, की नुसत्या स्पर्शाला दाद देत नसे, बोट दाबावे लागे.

राजस्थानच्या आयआयटीकडील हा प्रकल्प २०१२ मध्ये मुंबईच्या आयआयटीकडे आला. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश-२’ सादर झाला. प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा, रॅम दुप्पट, पडदाही सुधारलेला. पवईच्या चमूने त्यावर सी, पायथन आणि सायलॅबमध्ये प्रोग्राम लिहिण्याची सोय केली. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे पान हेच. स्वस्ताईच्या गाजावाजात ते झाकले गेले. केवळ वाचण्याचे साधन आता गणिते मांडण्याचे, चुका शोधण्याचे साधन होऊ पाहत होते. कळफलक मात्र पडद्यावरचाच राहिला. त्या सात इंचांवर दोनशे पानांचा प्रबंध कोण टंकणार होते?