यंत्रं अनेक, बोली एक



टेपरेकॉर्डर आठवतो ना? लग्नातली गाणी, कीर्तनाची कॅसेट, फीत गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळायची. आजची गोष्ट त्याच कॅसेटची आहे आणि आपल्या रेडिओचीही आहे. एकमेकांशी न पटणाऱ्या कॉम्प्युटरना रेडिओवाल्यांनी एक बोली कशी शिकवली, त्याची ही गोष्ट. गाव आपलं नाही, युरोपातलं आहे. काळ चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा. पण ऐकता ऐकता तुम्हाला आपलाच गट आठवेल.

त्याआधी कॉम्प्युटर म्हणजे मोठ्या कचेरीतलं, खोलीभर पसरलेलं यंत्र. 1977 मध्ये अमेरिकेत तीन कंपन्यांनी घरात ठेवता येतील असे तयार कॉम्प्युटर विकायला काढले. ॲपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-80 ही त्यांची नावं. चार-पाच वर्षांत ही लाट युरोपभर पसरली. इंग्लंडमध्ये तर दर काही महिन्यांनी नवं यंत्र दुकानात यायचं. बहुतेक यंत्रं म्हणजे नुसती कळांची पाटी. पडदा म्हणून घरातला टीव्ही जोडायचा आणि काम साठवायला घरातलाच टेपरेकॉर्डर.

आता घ्यायचं कोणतं? इंग्लंडमधली दोनच यंत्रं पाहू.

पहिलं बीबीसी मायक्रो. बीबीसी म्हणजे तिकडचं सार्वजनिक रेडिओ-टीव्ही केंद्र. लोकांना कॉम्प्युटर समजावा म्हणून त्यांनी साक्षरतेची मोहीम काढली. जानेवारी 1982 पासून टीव्हीवर दहा भागांची मालिका दाखवली आणि तिच्यासोबत चालवायला केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून एक यंत्रही बनवून घेतलं. ते मजबूत, कळा चांगल्या, जोडण्या भरपूर. मोठ्या मॉडेलची किंमत आधी 335 पौंड जाहीर झाली आणि लवकरच 399 पौंडांवर गेली. सरकारनं शाळांना ठरावीक यंत्रांसाठी निम्मे पैसे दिले, त्यात हे यंत्र होतं. त्यामुळे ते शाळाशाळांत पोचलं.

दुसरं झेडएक्स स्पेक्ट्रम. एप्रिल 1982 मध्ये आलं. लहान मॉडेल 125 पौंड, मोठं 175. म्हणजे बीबीसीच्या निम्म्याहून स्वस्त. वर गंमत अशी की 175 च्या यंत्राची स्मरणशक्ती 399 च्या यंत्रापेक्षा जास्त होती. पण कळा रबराच्या, खोडरबरासारख्या दबणाऱ्या. एकेका कळीवर चार-पाच कामं छापलेली.

म्हणजे महाग ते सगळ्याच बाबतीत चांगलं आणि स्वस्त ते सगळ्याच बाबतीत वाईट, असं नव्हतं. शेळी घ्यायची की म्हैस, असा तो प्रश्न होता. दूध कोणाला, किती, चारा कोणाचा, हे ठरल्याशिवाय त्याचं उत्तर निघत नाही. घरात शिकणारी मुलं असतील तर शाळेत आहे तेच यंत्र घरी बरं, असं काहींना वाटे. पण तेवढे पैसे सगळ्यांकडे कुठे? म्हणून कितीतरी घरांत स्पेक्ट्रम आणि शाळेत बीबीसी अशी जोडी झाली. मूल दोन्हीकडे कॉम्प्युटरच शिकत होतं, पण घरचं शाळेत चालत नव्हतं.

का चालत नव्हतं? आपल्याकडे मोबाईलच्या चार्जरचं आठवा. बारीक पिन, जाड पिन, चपटी पिन. पाहुणी आली की पहिला प्रश्न, "तुझ्याकडे कोणती पिन आहे गं?" वीज सगळ्यांची तीच, पण पिन जुळत नाही. या कॉम्प्युटरचं तसंच होतं. बहुतेकांची भाषा 'बेसिक' नावाची होती. पण प्रत्येक कंपनीची बेसिक वेगळी. साधं उदाहरण देते. पडद्यावरचं सगळं पुसून टाकायचं आहे. बीबीसी मायक्रोवर आणि स्पेक्ट्रमवर 'सीएलएस' असा हुकूम द्यायचा. ॲपलवर 'होम' म्हणायचं. कमोडोरवर एक आकड्याचा हुकूम होता, त्यात 147 हा आकडा टाकायचा. काम एकच, पाटी पुसण्याचं. त्यातही बीबीसीवर 'प्रिंट' हा शब्द एकेक अक्षर मारून लिहायचा आणि स्पेक्ट्रमवर पी ची एक कळ दाबली की अख्खा 'प्रिंट' शब्द उमटायचा. एकावर हात बसलेला माणूस दुसऱ्यावर बसला की पुन्हा पहिलीत.

त्यात कंपन्या टिकतीलच असंही नव्हतं. वेल्समध्ये ड्रॅगन 32 नावाचं यंत्र बनायचं. 1982 मध्ये ते बाजारात आलं आणि 1984 मध्ये कंपनी बुडाली. ज्यांनी विश्वासानं घेतलं त्यांच्या घरी यंत्र राहिलं, पण त्याच्यासाठी नवं काही येईना. म्हणजे निवड चुकली तर नुसते पैसे जात नव्हते, शिकलेलंही वाया जाईल अशी भीती होती.

आता चला शेजारच्या नेदरलँड्स देशात. तिथे हिल्वरसम गावात एनओएस हे सार्वजनिक प्रसारण केंद्र आहे. त्यांचा 'हॉबीस्कूप' नावाचा रेडिओ कार्यक्रम होता, घरी तारा-यंत्रं जोडत बसणाऱ्या हौशी लोकांसाठी. या मंडळींच्या लक्षात एक गोष्ट आली. कॉम्प्युटरचं काम कॅसेटवर साठतं म्हणजे ते आवाजाच्याच रूपात साठतं. जाड सूर आणि बारीक सूर. कानाला नुसती किर्रर्र ऐकू येते, पण कॉम्प्युटरला त्यात शून्य आणि एक ऐकू येतात. मग आवाजच आहे, तर तो रेडिओवरून का पाठवू नये?

आणि त्यांनी पाठवला. निवेदक सांगायचा, आता कॅसेट लावा. श्रोते रेडिओजवळच्या टेपरेकॉर्डरचं बटण दाबायचे. किर्रर्र आवाज टेप व्हायचा. मग ती कॅसेट कॉम्प्युटरला ऐकवायची आणि प्रोग्राम तयार. टपाल नको, दुकान नको, पैसेही नकोत.

पण अडचण तीच, पिनची. श्रोत्यांकडे यंत्रं वेगवेगळी. ॲपलसाठी एक प्रसारण, पेटसाठी दुसरं, टीआरएस-80 साठी तिसरं. प्रसारणाची वेळ मोजकी. एकाचा आवाज लागला की बाकीचे हात बांधून बसणार. रेडिओ तर सगळ्यांचा असतो. त्यानं कोणा एका कंपनीची बाजू घेऊन कसं चालेल?

तेव्हा 1980 च्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी एक तोड काढली. तिचं नाव 'बेसिकोड'. सगळ्या यंत्रांना समजेल अशी समाईक बोली.

ती कशी चालायची, ते स्वयंपाकघरातून सांगते. रेडिओवर कोणी पाककृती सांगते, "आता मंद आचेवर ठेवा." चुलीवर रांधणारी लाकूड मागे ओढते. स्टोव्हवाली हवा सोडते. गॅसवाली बटण फिरवते. सांगणारीनं प्रत्येकीसाठी वेगळी कृती सांगितली नाही. 'मंद आच' हा शब्द सगळ्यांचा, आणि ती करायची कशी ते ज्याच्या त्याच्या चुलीवर.

बेसिकोडनं हेच केलं. प्रोग्रामच्या ओळींना आकडे असतात. त्यांनी ठरवलं की 1000 च्या खालच्या ओळी ज्याच्या त्याच्या यंत्राच्या. त्या प्रत्येक यंत्रासाठी एकदाच लिहून ठेवायच्या. 1000 पासून पुढचा प्रोग्राम मात्र सगळ्यांचा एक. पडदा पुसायचा असेल तर प्रोग्राम फक्त म्हणणार, "शंभराव्या ओळीवर जा." ॲपलच्या शंभराव्या ओळीवर ॲपलची रीत लिहिलेली, कमोडोरच्या शंभराव्या ओळीवर कमोडोरची. पुसून झालं की पुन्हा समाईक प्रोग्राम पुढे सुरू.

आवाजही सगळ्यांसाठी एकच ठरवला. त्यातून सेकंदाला सुमारे शंभर अक्षरं जायची, म्हणजे सहा हजार अक्षरांचा प्रोग्राम साधारण एका मिनिटात. शेवटी ताळ्याचा आकडा असायचा. आपण वहीत बेरीज करून ताळा पाहतो तसाच. मध्येच खरखर होऊन एखादं अक्षर बिघडलं तर ताळा जुळायचा नाही आणि चूक झाल्याचं कळायचं.

ही बोली शेजारीपाजारी पसरली. बीबीसीनं 1984 मध्ये 'द चिप शॉप' या रेडिओ कार्यक्रमातून बेसिकोडचे प्रोग्राम पाठवले. म्हणजे ज्यांचं स्वतःच्या नावाचं यंत्र बाजारात होतं, त्यांनीही दुसऱ्या कंपन्यांची यंत्रं असलेल्या श्रोत्यांना सामावून घेतलं. दशकाच्या शेवटी पूर्व जर्मनीच्या रेडिओवरूनही ती किर्रर्र ऐकू येऊ लागली.

यात तोटा नव्हता का? होता. समाईक बोली म्हणजे सगळ्यांना जमेल तेवढंच. पडद्यावर 24 ओळी आणि ओळीत 40 अक्षरं, असा हिशेब. सुरुवातीला रंग नाहीत, चित्रं नाहीत. कोणाच्या यंत्रात सुंदर रंग असले तरी इथे ते उपयोगाचे नाहीत. म्हणून खेळ खेळणारी मुलं आपापल्या यंत्राचे खास प्रोग्रामच घेत राहिली. पण हिशेब, गणित, शिकायचा धडा, यांना रंग कशाला हवेत? त्यासाठी समाईक बोली पुरेशी होती.

पुढे काय झालं? ती सगळी यंत्रं गेली. स्पेक्ट्रमचा धंदा 1986 मध्ये दुसऱ्या कंपनीनं विकत घेतला. बीबीसी मायक्रो आपल्या देशातही आला होता. 1984-85 मध्ये सरकारनं सुमारे 250 शाळांत कॉम्प्युटर साक्षरतेचा प्रयोग सुरू केला, त्यात हेच यंत्र होतं. तेही जुनं झालं. पण ज्यांनी ते घडवलं त्यांचं शिकणं जुनं झालं नाही. सोफी विल्सन या बाईंनी बीबीसी मायक्रोची बेसिक लिहिली होती. त्यांनी आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे एक नवा प्रोसेसर घडवला, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदूच म्हणा. 1985 मध्ये तो पहिल्यांदा चालला. त्याचं नाव एआरएम. आज आपल्या हातातल्या बहुतेक सगळ्या मोबाईलमध्ये त्याच घराण्याचा मेंदू आहे. मोबाईल कोणत्याही कंपनीचा असो.

मैत्रिणींनो, असाच घोळ आपल्या मराठीनंही सोसला आहे. गटाचा ठराव कॉम्प्युटरवर टाईप करून घेतला, पंचायतीत नेला, तिथल्या कॉम्प्युटरवर उघडला तर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा, हा अनुभव जुन्या जाणत्यांना असेल. कारण प्रत्येक कंपनीच्या मराठी फॉन्टची मांडणी वेगळी होती. आता युनिकोड आहे. त्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक. आपल्या 'क' चा क्रमांक 2325. यंत्र कोणतंही असो, 2325 म्हणजे 'क' च. कळफलकासाठीही 1986 मध्ये इनस्क्रिप्ट ही सरकारमान्य मांडणी ठरली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. ही मांडणी एकदा बोटांत बसली की हिंदी, गुजराती, कन्नडची तीच अक्षरं त्याच कळांवर सापडतात. बेसिकोडवाल्यांचीच ही वाट, फक्त आपल्या भाषेतली.

आता हे आज कशासाठी सांगितलं? गटाचे हिशेब आता मोबाईलवर आणि कॉम्प्युटरवर जात आहेत. कोणी येतो, म्हणतो हे ॲप घ्या. दुसरा म्हणतो ते घ्या. आपण पहिला प्रश्न किमतीचा विचारतो, तो विचारायलाच हवा. पण त्याच्या पाठोपाठ आणखी चार प्रश्न विचारा.

हे शिकवणारी बाई किंवा मुलगी आपल्या गावात, निदान शेजारच्या गावात आहे का? बिघडलं तर कोणाकडे न्यायचं? यात मराठी युनिकोडमध्ये लिहिता येतं का? आणि सर्वात महत्त्वाचा प्रश्न, उद्या हे सोडून दुसरं घेतलं तर आमच्या नोंदी यातून बाहेर काढता येतील का, दुसऱ्या यंत्रात उघडतील का? समजा सगळा हिशेब एकाच्याच हाती, त्यालाच कळणाऱ्या यंत्रात अडकला आणि तो कामासाठी शहरात गेला. तर गटाचा पैसा बँकेत असूनही कोणाचं किती, ते कुलपात. ड्रॅगन घेणाऱ्यांचं जे झालं, ते आपलं होऊ नये.

आणि नवं यंत्र हातात आलं, आधीचं विसरल्यासारखं वाटलं, तर घाबरू नका. बटण कुठे आहे ते नंतर शोधा. आधी काम कोणतं आहे ते स्वतःशी म्हणा. मला नाव शोधायचं आहे. मला बेरीज करायची आहे. मला जपून ठेवायचं आहे. ही झाली आपली हजाराच्या पुढची ओळ, ती कुठल्याही यंत्रावर तीच राहते. बटणं काय, शंभरावी ओळ. नवी चूल आली की दोन भाकऱ्या करपतात, तिसरी फुगतेच.

नमस्कार.