जखमेची भरपाई : विनंतीपासून सुनावणीपर्यंत

पेशवे दप्तरांतील बालपरवेशीचे कागद आमच्या वाचकांस परिचित आहेत. लढाईंत शिपाई पडला म्हणजे त्याच्या बायकामुलांच्या पोटास सरकारांतून नेमणूक होत असे व तिची नोंद दप्तरीं राही. याच विषयाचा उत्तरार्ध गिरण्या व कारखाने यांतील जखमी मजुरांच्या प्रकरणांत आहे. परंतु तीं प्रकरणें विसाव्या शतकांतलीं आणि छापील नमुन्यांवरचीं, म्हणून संग्राहक त्यांस जुन्या कागदाचा मान देत नाहींत. हें योग्य नव्हे असें आम्हांस वाटतें. जुन्या व नव्या कागदांतील फरक केवळ रकमांचा नाहीं. जखमी माणसाचें म्हणणें कोणीं व कोणत्या नात्यानें ऐकावयाचें, याचा तो फरक आहे.

प्रथम जुनी रीत पाहूं. कृष्णाजी अनंत सभासद यानें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथें लिहिलेल्या बखरींत अफजलखानाच्या प्रसंगानंतरची (इ. स. १६५९) व्यवस्था सांगितली आहे. पडलेल्यांच्या मुलांचें चालविलें, ज्यांस पुत्र नव्हते त्यांच्या बायकांस निमें वेतन दिलें, आणि जखमींस जखम पाहून २५ पासून २०० होनांपर्यंत दिले, असें तो लिहितो. बखर प्रसंगानंतर तीसांहून अधिक वर्षांनीं झालेली, म्हणून रकमा अक्षरशः प्रमाण मानल्या नाहींत, तरी जखमेच्या मानानें भरपाईची प्रत लावण्याची कल्पना बखरकाराच्या काळीं रूढ होती, एवढें तींवरून म्हणतां येतें. पेशवाईंतील हुकुमांत ‘हुजूर येऊन विनंति केली’ व ‘मनास आणून’ हे प्रयोग येतात. मनास आणणें म्हणजे चौकशी करणें. चौकशी होई खरी. पण देणारा आणि चौकशी करणारा एकच असे. मिळे ती कृपा, न मिळे तर पुन्हां विनंति.

गिरण्या निघाल्यावर धनी बदलला आणि कृपेची ही वाटही राहिली नाहीं. इ. स. १८५५ च्या १३ व्या कायद्यानें, दुसऱ्याच्या कसुरानें मृत्यु आल्यास मयताच्या जवळच्या नातलगांसाठीं दिवाणी दावा लावतां येत असे; परंतु कसूर शाबीत करण्याचें ओझें वादीवर, आणि हात तुटून जिवंत राहिलेल्यास त्या कायद्याचा उपयोग नव्हता. इ. स. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यानें यंत्रांस कठडे घालण्याची व अपघाताची वर्दी देण्याची तजवीज केली, भरपाईची केली नाहीं. ही उणीव प्रथम स्पष्ट शब्दांत मांडण्याचा मान ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें सप्टेंबर १८८४ मध्यें मुंबईंत भरलेल्या गिरणी कामगारांच्या सभांस आहे. तेथील मागण्यांचा अर्ज सुमारें ५,५०० सह्यांनिशीं फॅक्टरी कमिशनकडे गेला. रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांति व वेळेवर पगार यांच्या जोडीस त्यांत आणखी एक कलम होतें : कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा, आणि जो जन्माचा अपंग होईल त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. मागणी होती, ऐकणारी जागा नव्हती.

ती जागा इ. स. १९२३ च्या ८ व्या कायद्यानें, म्हणजे वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन अ‍ॅक्टानें झाली. १ जुलै १९२४ पासून तो अमलांत आला. मालकाचा कसूर शाबीत करण्याची अट गेली. अपघात कामामुळें व काम चालूं असतां घडला एवढें पुरे झालें. मृत्यु आल्यास प्रौढ मजुराच्या वारसांस ३० महिन्यांची मजुरी अथवा २,५०० रुपये, यांपैकीं जें कमी तें. कायमचा पूर्ण अपंग झाल्यास ४२ महिन्यांची मजुरी अथवा ३,५०० रुपये, यांपैकीं कमी तें. अवयवांचें कोष्टक पहिल्या परिशिष्टांत दिलें : उजवा हात कोपरांत वा कोपरावर गेल्यास शेंकडा ७०, डावा ६०, एक डोळा ३०, आंगठा २५, तर्जनी १०, इतर बोट ५. ‘जखम पाहून’ देण्याची जुनी रीतच येथें अंकांत उतरली.

पण कायद्याचें मर्म कोष्टकांत नसून सुनावणींत आहे. मालकानें जबाबदारी नाकारली, किंवा देऊं केलेली रक्कम मजुरास मान्य झाली नाहीं, आणि तंटा आपसांत मिटला नाहीं, म्हणजे मजुरानें कमिशनरकडे अर्ज करावयाचा. मुदत आरंभीं ६ महिन्यांची होती. अर्जदार निरक्षर असल्यास त्याच्या इच्छेवरून अर्ज कमिशनरच्या देखरेखीखालीं तयार करून देण्याची सोय २२ व्या कलमांत आहे. सन १९२४ च्या नियमांतील ‘एफ’ नमुन्यांत दुखापतीचें कारण थोडक्यांत व साध्या भाषेंत लिहावयाचें असे. कज्जाचे मुद्देही तेथेंच मांडले जात : अर्जदार कायद्याच्या अर्थानें कामगार आहे काय, अपघात कामामुळें झाला काय, आणि मागितलेली रक्कम देय आहे काय. पुढें समोरच्या बाजूस विमा कंपनीचा अधिकारी, तर मजुराच्या बाजूस नोंदलेल्या कामगारसंघाचा अधिकारी उभा राहूं शके. मालकाचें दिवाळें निघाल्यास विमेदाराविरुद्धचा त्याचा हक्क मजुराकडे येई.

या एका सुनावणीवर किती अवलंबून होतें हें हिशेबानें कळेल. दरमहा ३० रुपये मजुरी धरली तर ४२ महिन्यांचे १,२६० रुपये होतात. करंगळी गेल्यास त्याचे शेंकडा ५ म्हणजे ६३ रुपये, तर्जनीचे १२६, आंगठ्याचे ३१५. हायकोर्टांत अपील करावयाचें तर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न लागे आणि वादाची रक्कम निदान ३०० रुपये असावी लागे. म्हणजे या मजुरीच्या मनुष्याचें बोट गेलें तर त्यास वरची दाद नाहीं. कमिशनरच्या खोलींत जें ऐकलें गेलें तेंच पहिलें व शेवटचें.

संशोधकानें हे कागद वाचतांना २५ वें कलम ध्यानांत ठेवावें. साक्षीदाराच्या जबानीचा सारांश कमिशनरनें स्वहस्तें टिपावा, परंतु वैद्यकीय साक्ष शक्य तों शब्दशः घ्यावी, असें तें सांगतें. त्यामुळें या प्रकरणांत डॉक्टर बोलल्याप्रमाणें आढळतो आणि मजूर दुसऱ्याच्या सारांशांतून आढळतो. मजुराच्या शब्दांच्या जवळांत जवळ जाणारा कागद म्हणजे त्याचा मूळ अर्ज. तोही बहुधा दुसऱ्यानें लिहिलेला. म्हणून अर्ज, जबानीचा सारांश व निकाल हीं तिन्ही ताडून पाहिल्यावांचून अनुमान काढूं नये. निकाल तेवढा ठेवून अर्ज टाकून देणारा संग्राहक प्रकरणाचा जीवच टाकून देतो. जे कधीं अर्जापर्यंत पोंचलेच नाहींत, त्यांचा मागमूस तर या दप्तरांतही लागणार नाहीं.

सन २००९ च्या दुरुस्तीनें कायद्याच्या नांवांतील कामगार जाऊन कर्मचारी आला, आणि सन २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत हा विषय समाविष्ट करण्यांत आला. कायदा जुना झाला कीं त्याचे कागद रद्दींत निघतात, हा अनुभव सर्वांचा आहे. जुन्या वकिलांचीं दप्तरें, कामगारसंघांच्या पेट्या आणि गिरणगांवांतील घरें येथें अशा अर्जांच्या नकला असण्याचा संभव आहे. ज्या वाचकांस त्या आढळतील त्यांनीं अर्जाची तारीख, अवयव, मागितलेली व मिळालेली रक्कम, आणि अर्जावर सही आहे कीं आंगठा, एवढें टिपून नकलेसह मंडळाकडे पाठवावें. बालपरवेशीच्या कागदांशेजारीं त्यांस जागा दिली पाहिजे, असें आमचें मत आहे.