‘ताठ बसा!’ – एका आज्ञेचा इतिहास

‘ताठ बसा!’ ही आज्ञा आपण वर्गात अनेकदा देतो. मुले क्षणभर ताठ होतात आणि पाच मिनिटांत पुन्हा वाकतात. आपण याला बेशिस्त म्हणतो. पण ती खरोखरच बेशिस्त आहे का?

१७४१ साली निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने मुलांच्या शरीरातील व्यंगे टाळणे आणि सुधारणे यावर पालकांसाठी एक पुस्तक लिहिले. ‘सरळ’ आणि ‘मूल’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून त्याने ‘ऑर्थोपेडी’ हा शब्द घडवला. आजचे ‘ऑर्थोपेडिक्स’ त्यातूनच आले. पुस्तकातले एक चित्र पुढे या शास्त्राची खूणच बनले: खांबाला दोरीने बांधलेले वाकडे झाड.

झाड बांधून सरळ होते, मग मूल का नाही होणार? ही कल्पना लाइपझिगच्या मोरित्झ श्रेबर या डॉक्टरने टोकाला नेली. १८५८ सालच्या आपल्या पुस्तकात त्याने टेबलाला बसवायचा एक दांडा सुचवला. लिहिताना मूल पुढे झुकले की तो दांडा गळ्याखालच्या हाडांवर दाबला जाई. गंमत म्हणजे, घरच्या घरी करायच्या व्यायामांवरही याच श्रेबरने पुस्तक लिहिले होते.

व्यायामाची वाट स्वीडनमध्ये त्याच्या आधीच निघाली होती. पेर हेन्रिक लिंग हा तलवारबाजीचा शिक्षक. सरकारच्या मदतीने १८१३ साली त्याने स्टॉकहोममध्ये व्यायामशिक्षणाची संस्था काढली. हात वर ताणणे, कंबरेतून वळणे, खांदे मागे नेणे अशा त्याच्या अनेक हालचालींना साधनांची गरज नव्हती. सगळा वर्ग जागेवर उभा राहून त्या करू शके. १८८० च्या सुमारास या पद्धतीने लंडनच्या शाळांत प्रवेश केला.

झाडाची उपमा चुकली कुठे? एक प्रयोग करून पाहू. हात खांद्याच्या पातळीत समोर धरून ठेवा. हातात ओझे नसले तरी काही मिनिटांत खांदा भरून येतो. उलट चालताना हात तासभर हलले तरी दमत नाहीत. आखडून राहिलेला स्नायू स्वतःतल्याच रक्तवाहिन्या दाबतो आणि त्याचा रक्तपुरवठा कमी पडतो. हालचालीत तो आळीपाळीने आखडतो आणि सैल होतो, त्यामुळे रक्त खेळते राहते. झाडाला खांब धरून ठेवतो. मुलाला मात्र स्वतःच्या पाठीच्या स्नायूंनीच ताठ राहावे लागते. ते दमले की मूल वाकते.

म्हणूनच, दिवसभर टिकवावी अशी एकच ‘योग्य’ बैठक नसते. बैठक बदलत राहणे महत्त्वाचे. ताण देण्याच्या व्यायामांनी सांधे मोकळे होतात, आखडलेपण कमी होते. पण केवळ त्यांनी पाठ सरळ होईल असे समजू नये. पाठीला बळ देणारे व्यायाम आणि मैदानावरचा खेळही हवा. एक खांदा सतत उंच दिसत असेल किंवा पाठीला बाक असेल, तर मुलाला डॉक्टरांना दाखवावे.

लिंगच्या व्यायामाला लागत होती तेवढी जागा आपल्या प्रत्येक वर्गात आहे. तासाच्या मध्ये दोन मिनिटे मुलांना उभे करावे, हात वर ताणू द्यावेत, मनसोक्त आळोखेपिळोखे देऊ द्यावेत. आणि हो, फळ्यापाशी उभे राहून दमलेल्या आपणही त्यांच्याबरोबर ते करावेत!