काहिलीतली फुले

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर ज्याने उसाचा रस उकळताना पाहिला आहे, त्याला काहील म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. चुलवाणाजवळ दोन मिनिटे उभे राहिले तरी अंगाची काहिली होते. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात रस आटवण्याच्या जुन्या काहिली आज बंगल्यांच्या अंगणात शोभेच्या कुंड्या होऊन बसल्या आहेत. आपली काहील पसरट, तिथली बिडाची आणि खोलगट. तळाला भोक पाडून, खाली खडी घालून तिच्यात फुलझाडे लावतात. मागणी एवढी की हुबेहूब नव्या काहिलीही विकल्या जातात.

फुले सुंदरच दिसतात. पण या भांड्यात आधी काय शिजत होते?

1795 मध्ये न्यू ऑर्लिन्सजवळ एतिएन द बोरे या मळेवाल्याने दाणेदार साखर काढून दाखवली आणि मिसिसिपीच्या काठाने उसाचे मळे पसरले. ऊस तोडणारे आणि रस आटवणारे हात होते आफ्रिकी वंशाच्या गुलामांचे. एका लांब भट्टीवर चार-पाच काहिली मोठीपासून लहानीपर्यंत ओळीने मांडलेल्या असत. रस आटेल तसा तो लांब दांड्याच्या पळ्यांनी एकीतून दुसरीत ओतायचा. सर्वांत लहान काहील आगीच्या तोंडाशी. तिच्यातला पाक अंगावर उडाला की कातडी भाजून निघे. हिम पडण्याआधी ऊस संपवायचा, म्हणून हंगामात भट्टी रात्रंदिवस पेटलेली असे.

या काहिली मागे पडायला कारण झाला नॉर्बर्ट रिलियू. 1806 साली न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेल्या या माणसाची आई मिश्रवंशीय पण स्वतंत्र, वडील गोरे. पॅरिसमध्ये तो शिकला, तिथे त्याने शिकवलेही. 1843 मध्ये त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. बंद पात्रांतला दाब कमी करून रस कमी उष्णतेवर उकळायचा आणि एका पात्राच्या वाफेने पुढचे पात्र तापवायचे, ही त्याची युक्ती. इंधन वाचले, साखर सुधारली, पळीची गरज उरली नाही. गुलामगिरी मात्र 1865 पर्यंत उरली. रिलियू पॅरिसला परतला आणि 1894 मध्ये तिथेच वारला. आपल्या साखर कारखान्यांत आजही रस आटतो तो याच तत्त्वावर.

उर्दूच्या तासाला ‘क़ंद’ हा शब्द आला की मी मुलांना त्याचे कूळ सांगते. संस्कृतातला ‘खंड’ फारसी-अरबीच्या वाटेने युरोपात गेला आणि ‘कँडी’ झाला. शब्द आपला प्रवास आपल्या अंगावर बाळगतो. भांड्याला ते जमत नाही. त्याच्या वतीने कुणीतरी बोलावे लागते.

लुइझियानातच व्हिटनी मळ्यावर 2014 मध्ये गुलामांच्या आयुष्याविषयीचे संग्रहालय सुरू झाले. तिथेही अशा काहिली आहेत आणि त्याच आवारातल्या भिंतींवर गुलामांची नावे कोरलेली आहेत.

जुने भांडे भंगारात जाण्यापेक्षा त्यात झाड लावलेले केव्हाही चांगले. मात्र एखाद्या मुलाने “ही कुंडी कसली?” असे विचारले, तर खरे उत्तर देता आले पाहिजे.