‘ट्रान्स्लातिओ’ आणि द्राक्षवेलीचा डोळा

लॅटिन अलंकारशास्त्रांतील ‘ट्रान्स्लातिओ’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ ‘पलीकडे वाहून नेणें’. ग्रीक ‘मेटाफोरा’चें तें शब्दशः भाषांतर होय. आपल्याकडील लक्षणेशीं त्याचें नातें उघड आहे. गंगेवरील गवळवाडा हें लक्षणेचें ठराविक उदाहरण; नाशकांत तर ‘गंगेवर जाऊन येतों’ म्हणणारा गोदावरीच्या घाटावर जातो, म्हणजे तेथें लक्षणा दुहेरी!

इ. स. पूर्वी ५५ मध्यें लिहिलेल्या ‘दे ओरातोरे’ ग्रंथांत सिसेरो म्हणतो कीं, वस्त्र जसें आधीं थंडीकरितां व मागाहून शोभेकरितां, तसेंच शब्दांचें हें स्थलांतर प्रथम उणिवेपोटीं जन्मलें. दाखला शेतकऱ्यांचा: वेलीच्या कोंबास ते ‘गेम्मा’, म्हणजे रत्न, म्हणतात. सुमारें दीडशें वर्षांनीं क्विन्तिलिआननेंही तोच गिरविला. परंतु आजचे भाषाशास्त्रज्ञ क्रम उलटा लावतात. कोंब हा अर्थ जुना, रत्न हा मागाहूनचा. नगरवासी पंडितानें कुणब्याचें वडिलोपार्जित धन उसनें ठरविलें! जुनीं बाडें वाचतांना हा मोह आम्हांसही अनेकदां झाला आहे.

निफाड-दिंडोरीकडील बागाइतदार छाटणीच्या वेळीं काडीवरील ‘डोळे’ मोजतो. माळी बोरीच्या कलमास ‘डोळा भरतो’. येथें मात्र नेत्र हाच मूळ अर्थ, ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. लॅटिनमध्येंही कोंबास ‘ओकुलुस’, म्हणजे डोळा, म्हणत; त्यावरून डोळा भरण्यास ‘इनोकुलारे’ हें क्रियापद झालें. पुढें देवी टोचण्याच्या क्रियेस इंग्रजांनीं दिलेलें ‘इनॉक्युलेशन’ हें नांव ह्याच माळीकामांतून गेलें.